नवी पत्रपेटी

रविवार. जुन्या पत्र्याच्या पेटीचा तळ अखेर गळून पडला. आत विम्याची भिजलेली नोटीस आणि पालीची दोन अंडी. भद्रकालीच्या बाजारातून नवी आणली. चकचकीत स्टीलची होती, पण मी उतरत्या झाकणाची लाल घेतली. पावसात पाणी निथळलं पाहिजे. ड्रिल मारलं, गुट्ट्या ठोकल्या, तरी डावीकडे कललीच. आई म्हणाली, "राहू दे, पत्रं काही सांडत नाहीत."

पत्रं येतात तरी कुठं? नाशिकरोडच्या प्रेसमध्ये १९२६ पासून देशाची टपालतिकिटं छापली जातायत, आणि आमच्या पेटीत वीजबिल. २०२५ मध्ये रजिस्टर्ड पोस्टही स्पीड पोस्टात विलीन झालं. ते तसंही सही घेऊन हातातच देतात.

संध्याकाळी उगीचच किल्ली फिरवून पाहिली. आत पेटीच्याच वॉरंटीचं कार्ड. मीच टाकलेलं.