अंबाडीचे सरबत आणि सासूबाईंची गोळी

दिवाळी उलटली, की इथे अमडापूरला अंबाडीच्या लालभडक बोंडांचे दिवस येतात. पिवळसर फूल गळले, की त्याच्या बुडाची आंबट दले फुगून लाल होतात, तीच ही. कण्या घालून पाल्याची भाजी, बोंडांची चटणी आणि वाखाचे दोर, एवढाच आमच्या घरी अंबाडीचा मान होता.

गेल्या वर्षी मी कुठेसे वाचले, की या लाल रंगात अँटिऑक्सिडंट असतात. झाले! रोज सकाळी सरबत सुरू. सासूबाईंना मीच कौतुकाने सांगत असे, “रक्तदाबालाही चांगलं असतं हं!”

पंधरा दिवसांनी त्यांचे कपाट आवरताना गोळ्यांचे पाकीट तसेच्या तसे सापडले.

“आता कायले पाहिजे माय त्या गोळ्या? अंबाडी पेतो ना मी!”

डॉक्टरांकडे मोजले, तर वरचा आकडा १७०. माझे तर हातपायच गार पडले. दोष कुणाला देणार? बोलले मीच होते.

मग नीट वाचायला बसले. हा रंग म्हणजे अँथोसायनिन. जांभळात, काळ्या द्राक्षातही असते. चिरलेले वांगे हवेने काळे पडते ना, साधारण तशीच झीज शरीरातही चालते, आणि ही द्रव्ये ती रोखू शकतात. पण हे सारे परीक्षानळीत. पोटातून रक्तात त्यांचा फार थोडा अंश उतरतो. अमेरिकेत २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ६५ जणांपैकी काहींना सहा आठवडे रोज तीन पेले अंबाडीचा चहा दिला. वरचा आकडा सरासरी सातने उतरला. तोही दाब थोडासाच वाढलेल्या, गोळ्या न घेणाऱ्या माणसांचा. सात म्हणजे १७० चे १६३! शिवाय मी त्यात साखर ओतत होते, ती वेगळीच.

सरबत मात्र बंद केले नाही. डॉक्टरांना विचारून घेतले, कारण गोळी आणि अंबाडी दोन्ही मिळून दाब जास्त उतरायला नको. वाळवलेली दले खळखळ उकळत नाही. उकळते पाणी वरून ओतून दहा मिनिटे झाकून ठेवते. जास्त उष्णतेने रंग मरतो. भांडे स्टीलचे किंवा काचेचेच, लोखंडी नको. एकदा पातेले सोड्याने घासायला घेतले, तर लाल पाणी चक्क निळे-हिरवे झाले, इतका हा रंग नाजूक.

आता सकाळी आधी गोळी, मग पेला. परवा सासूबाईंनी रिकामे पाकीट माझ्यापुढे धरले आणि म्हणाल्या, “पाह्य, घेतली. आता दे तो तुह्या लाल चहा.”