तोफ कुणाची, मृदंग कुणाचा

बीथोवनच्या ‘वेलिंग्टनचा विजय’मध्ये दोन फौजा दोन बाजूंनी ढोल-तुताऱ्या वाजवत येतात आणि मग तोफा सुरू होतात. कुठली तोफ कोणत्या पक्षाची, याच्या खुणाही त्यानं स्वरलिपीत करून ठेवल्या. ८ डिसेंबर १८१३ ला व्हिएन्नात ती पहिल्यांदा वाजली. विजय स्पेनमधल्या व्हितोरियाचा, पण सेनापती आपल्या ओळखीचा. हाच आर्थर वेलस्ली २३ सप्टेंबर १८०३ ला भोकरदनजवळ असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढला होता. असईला बीथोवन मिळाला नाही. फारसं बिघडलं नाही; ही काही त्याची थोर रचना नव्हे.

तरी मी ती ऐकतो. करूळ घाटावरून पाऊस वैभववाडीत उतरला, वीज गेली, की हेडफोन लावून हमखास हीच. मर्क्युरी कंपनीची सीडी, क्रमांक ४३४ ३६०-२, वाद्यवृंद अंताल दोरातीच्या हाताखाली. सोबत चायकोव्हस्कीचं ‘१८१२’. या ‘१८१२’पायी मला क्रमांकांचं वेड लागलं. दोरातीनं ते मिनियापोलिसच्या वाद्यवृंदाकडून दोनदा मुद्रित करून घेतलं: १९५४ ला मोनो, १९५८ ला स्टिरिओ. तबकड्यांचे क्रमांक ५००५४ आणि ९००५४. शेपूट एकच, घंटा मात्र वेगळ्या. पहिल्या तबकडीत येल विद्यापीठाच्या मनोऱ्यातल्या, दुसरीत न्यूयॉर्कच्या रिव्हरसाइड चर्चच्या. तोफा वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीतल्या, जुन्या फ्रेंच बनावटीच्या. रशियानं नेपोलियनला हाकललं त्याचा जल्लोष, तोफ फ्रेंच, आणि बत्ती अमेरिकेत! नुसतं ‘१८१२’ शोधलं तर मोबाइल ढीगभर मुद्रणं समोर टाकतो. आकडे टाकले की नेमकी ती घंटा सापडते.

एकदा काकांच्या कानाला हेडफोन लावला. तोफा संपेपर्यंत त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “ह्यां कसलां रे युद्ध? झांज खंय आसा?”

काकांचं युद्ध म्हणजे दशावतारातलं. मंदिरासमोर जत्रेचा रंगमंच, एक बाकडं, एक पेटी, मृदंग, झांज. राजा आणि राक्षस एकमेकांना शब्दांनी डिवचत असतात तोवर मृदंगवाला बोटांनी नुसता चाळा करत बसलेला असतो. संवाद लिहिलेले नसतात, त्यामुळे लढाई कधी जुंपणार हे त्याला नटाच्या पावलावरूनच ओळखावं लागतं. राजानं टाच आपटली की थाप पडते, झांज तिच्यावर चढते, आणि तलवारी एकमेकींना लागतात की नाही हे पाहायला कुणाला फुरसत नसते. लय दुप्पट होते तेव्हा पेंगणारी पोरंही उठून बसतात. इथे खुणा कुणी लिहून दिलेल्या नाहीत. उद्या दुसऱ्या गावी तोच राक्षस मरायला अर्धा तास जास्त घेईल.

म्हणून जत्रेला निघताना माणसं विचारतात: कंपनी कुठली? राजा कोण? पेटीवर कोण? मृदंगावर कोण? हाच आमचा कॅटलॉग, आणि तो तोंडी चालतो तोवर चोख असतो. घोळ मोबाइलनं केला. पोरं युद्ध चित्रित करतात आणि नाव देतात ‘खतरनाक युद्ध’. गाव नाही, आख्यान नाही, वाजवणाऱ्याचा पत्ता नाही. मर्क्युरीवाल्यांनी तोफ कुठली तेसुद्धा वेष्टनावर छापलं होतं.

पुतण्याच्या फोनमधल्या अशा चित्रफितींना आता आम्ही नावं द्यायला बसलोय. काका नुसती थाप ऐकून वाजवणारा सांगतात, पुतण्या टाइप करतो. दोन फितींवर दोघांचं जुंपलंय. पुतण्या म्हणतो वादक एकच, काका म्हणतात डावा हात वेगळा आहे.