चढणीवरचा फुस्स आवाज



दरवेळी या पानावर मी निकाल, हजेरी आणि गणवेश यांविषयी लिहितो. या खेपेला शाळेच्या जुन्या गाडीविषयी लिहीत आहे. त्यात माझी एक चूक आहे, आणि ती तुम्हाला माझ्याकडूनच कळलेली बरी.

गेल्या पावसाळ्यात विज्ञान प्रदर्शन आटोपून चार मुलांसह आम्ही कारवारहून परतत होतो. कद्रा मागे पडले, अणशी घाट लागला आणि गाडीने मान टाकली. दुसरा गिअर पेलेना. मागे काळा धूर. पहिल्या गिअरमध्ये रडतखडत जोयड्याला पोचलो तेव्हा रात्रीचे दहा वाजले होते. पालक भिजत उभे होते. त्यांच्यासमोर मी ड्रायव्हरमामांना बोललो, "गाडीची काळजी घेत नाही तुम्ही." ते गप्प राहिले.

शहरातल्या एका गॅरेजने गाडी जागेवरच रेस करून पाहिली आणि "टर्बो गेला, बदला" म्हणून ४५,००० रुपयांचा अंदाज दिला. प्रयोगशाळेच्या सूक्ष्मदर्शकांसाठी ठेवलेले पैसे जवळपास तेवढेच होते. मी ते मागायला विश्वस्तांच्या बैठकीत गेलो. एका ज्येष्ठ विश्वस्तांनी एवढेच विचारले, "दाब मोजला का, सर?" मोजला नव्हता. मी पदवीपर्यंत हिंदीतून शिकलो. तिथे 'वायुमंडलीय दाब' पाठ केला, इथे 'वातावरणाचा दाब' शिकवतो. दोन्हीकडे शब्द दाबच, पण मोजायचे सुचले नाही!

मुलांनो, सुपा धरणाच्या पायथ्याशी पाण्याच्या जोराने टर्बाइन फिरते. टर्बोमध्ये ते काम इंजिनातून बाहेर पडणारा गरम धूर करतो. त्याच दांड्यावर दुसऱ्या टोकाला पंख्यासारखे चाक असते. ते मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेऊन हवा दाबून इंजिनात कोंबते. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी या इंजिनिअरने १९०५ साली या कल्पनेचे पेटंट घेतले. हवा कमी पडली की डिझेल पुरते जळत नाही, आणि तोच तो काळा धूर.

मग गाडी रामनगरच्या एका मिस्त्रींकडे नेली. त्यांनी आधी एअर फिल्टर पाहिला. ठीक होता. टर्बोचा पाइप काढून बोटाने दांडा हलवून पाहिला. बाजूला अगदी किंचित हलतो, तेवढा चालतो. पण पुढेमागे सरकत नव्हता, पातीही कुठे घासलेली नव्हती. मग हवेच्या पाइपला टी जोडून काचेवर एक मीटर लावला आणि म्हणाले, "आता चढणीवर चला. उभ्या गाडीत रेस करून टर्बोचं काही कळत नाही. इंजिनावर भार आला की तो दाब धरतो." चढणीवर काटा हवा तिथे निम्माही जाईना.

परत येऊन त्यांनी टर्बोचे तोंड झाकणाने बंद केले, त्यातून अगदी थोडी हवा सोडली आणि पाइपांवर साबणाचे पाणी फिरवले. टर्बोकडून इंटरकूलरकडे जाणाऱ्या रबरी पाइपाला खालच्या बाजूने बुडबुडे आले. तिथे बोटभर चीर होती. इंजिन बंद असताना ती मिटलेली असायची, दाब आला की उघडायची. म्हणूनच कुणाला दिसली नाही. चिरेभोवती तेलकट काळा थर होता.

तो पाहून मामा हळूच म्हणाले, "सर, हे तेल मी दर शनिवारी पुसतो. चढणीला फुस्स आवाज येतो, हे पण जूनमध्ये सांगितलं होतं." सांगितले होते खरे. तेव्हा प्रवेशाची गर्दी होती आणि मी "बघू" म्हणून टाळले होते.

नवा पाइप, दोन क्लिपा आणि मजुरी मिळून १,३५० रुपये झाले. त्याच चढणीवर पुन्हा गेलो. काटा सरळ वर गेला आणि धूर नाहीसा झाला. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर, त्या चार मुलांसमोर, मी मामांची माफी मागितली. ते लाजून म्हणाले, "असू दे सर, पोरांना वर्गात जाऊ द्या."

पावती कार्यालयात आहे, विश्वस्तांनी अवश्य पाहावी. सूक्ष्मदर्शकांची मागणी नोंदवली आहे. फाटका पाइप प्रयोगशाळेच्या खिडकीत ठेवला आहे. नववीच्या मुलांनी तो वाकवून पाहावा. सरळ धरला तर चीर सापडणार नाही.