मागणी, पुरवठा आणि आई

वस्तूची किंमत मागणी आणि पुरवठा या दोन गोष्टींवर ठरते, असं आम्हाला बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला शिकवलं. मीही पेपरात तसंच लिहिलं आणि सत्तेचाळीस मार्क मिळवले. पण ज्या विद्वानांनी हा सिद्धान्त मांडला, त्यांच्या घरी आई नसावी. कारण किंमत ठरवणारी एक तिसरी शक्ती घरोघरी पदर खोचून उभी असते आणि दिवाळीच्या आधी माळा साफ करते.

आमच्या पिढीनं काड्यापेट्यांचे छाप जमवले, बबलगमबरोबर येणारी क्रिकेटवाल्यांची चित्रं जमवली. माझा हा सगळा ऐवज बुटांच्या एका खोक्यात होता. मी पाचवीतून सहावीत गेलो आणि खोकं रद्दीवाल्याकडे गेलं. "झुरळं झाली होती त्यात," आईनं निकाल दिला. त्यावर अपील नव्हतं. माझी समजूत अशी की, हा अन्याय फक्त मराठी मध्यमवर्गातच होतो. पुढं कळलं, की आईच्या याच एका सवयीवर तिकडे अमेरिकेत एक अख्खा धंदा उभा राहिला, आणि ती सवय सुटल्यावर तो आडवाही झाला.

तो धंदा म्हणजे खेळाडूंच्या कार्डांचा. आपल्याकडे क्रिकेट तसा तिकडे बेसबॉल. फरक एवढाच, की आपल्याला तो कळत नाही आणि त्यांना हे कळत नाही. या बेसबॉलवाल्यांची चित्रं छापलेली कार्डं आधी सिगारेटच्या पाकिटात येत, मग च्युइंगगमबरोबर येऊ लागली. पुढं चित्र, मागं खेळाडूचे आकडे. ब्रुकलिनच्या टॉप्स कंपनीनं १९५२ साली एक मोठा संच काढला. त्यात मिकी मँटल नावाच्या न्यूयॉर्कच्या पोरसवदा खेळाडूचं कार्ड होतं. पोरांनी गम चघळलं, कार्डं फेकाफेकीच्या खेळात हरली-जिंकली, टर्रर्र आवाज यावा म्हणून सायकलच्या तारांत अडकवली. पुढं पोरं कॉलेजात गेली किंवा लष्करात भरती झाली, आणि मागं आयांनी खोल्या साफ केल्या. खुद्द कंपनीनंही हेच केलं. संच तयार करणाऱ्या साय बर्गर यांनीच सांगून ठेवलंय, की न खपलेला माल त्यांनी १९६० साली नावेत भरला आणि समुद्रात बुडवला.

त्या मँटलच्या कार्डाचा एक कोरा करकरीत नमुना ऑगस्ट २०२२ मध्ये लिलावात १ कोटी २६ लाख डॉलरला गेला. हा आकडा मी आमच्या मॅनेजरसाहेबांना सांगितला. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "तारण म्हणून घेता येईल का हो?"

ऐंशीच्या दशकात या कार्डांची दुकानं अमेरिकेत गावोगाव निघाली. दुकान कसलं, न्हावी आणि लाँड्री यांच्यामधला एक गाळा. काचेचं काउंटर, आत महागाची कार्डं, बाहेर दहा-दहा सेंटवाल्या कार्डांचा खोका, आणि त्या खोक्यात नाक खुपसून तासभर उभी असलेली पोरं. एका डॉलरच्या गिऱ्हाइकाला तासभर उभं राहू देणारा दुकानदार आपल्याकडे फक्त जुन्या पुस्तकांच्या फुटपाथवर भेटतो. पोरगं तिथं हिशेब शिकायचं, अदलाबदल शिकायचं, आणि कधी फसवलं गेलं तर तेही डॉलर-दीड डॉलरात शिकून मोकळं व्हायचं. एवढी स्वस्त फी कुठल्या शाळेत आहे?

मग या धंद्यात मोठी माणसं शिरली. जेम्स बेकेट नावाच्या संख्याशास्त्राच्या प्राध्यापकांनी कार्डांच्या किमतीचं पुस्तक काढलं होतंच. १९८४ पासून त्यांचं मासिकही निघू लागलं. म्हणजे पंचांगच आलं हातात! खटला होऊन टॉप्सची मक्तेदारी मोडली आणि १९८१ साली आणखी दोन कंपन्या उतरल्या. १९८९ मध्ये अप्पर डेकनं चकचकीत महाग कार्डं आणली. आयांनी फेकलेल्या कार्डांना हजारो डॉलर येतात, हे वर्तमानपत्रांत छापून आलं, आणि ते आयांनीही वाचलं.

घात झाला तो इथं. आई बदलली. मुलानं पाकीट फोडलं की ती म्हणू लागली, "हात धुतलेस का?" कार्डं प्लास्टिकच्या पिशवीत गेली, पिशव्या खोक्यात, खोकी तळघरात. गमचा डाग पडून कार्ड नासतं अशी ओरड झाली, म्हणून टॉप्सनं १९९२ पासून पाकिटातलं गमच काढून टाकलं. पोरांचा खाऊ गेला आणि बापांची गुंतवणूक आली. इकडे कंपन्या छापतच होत्या. किती छापतात ते सांगत नव्हत्या. नोटा अशा छापल्या तर काय होतं, ते बँकेतला शिपाईसुद्धा सांगेल. पण हौसेला चलनवाढ होते, हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही.

आमच्या दाजींच्याही नाही. दाजी १९९० साली एम.एस. करायला न्यू जर्सीला गेले. खोलीत एक अमेरिकन पोरगा होता. त्यानं यांच्या कानात भरवलं, की सोनं विसर, शेअर विसर, कार्डं घे. दाजींना बेसबॉलमधलं नऊ जण खेळतात यापलीकडे काही कळत नव्हतं. पण पोटाला चिमटा काढून त्यांनी दोन वर्षांत साडेसहाशे डॉलरची कार्डं घेतली. चार खोकी, खोक्यात पाच-पाच हजार. "पुढं मुलांच्या शिक्षणाला होतील," असा विचार त्यामागं होता. तेव्हा मुलं नव्हती, आमची ताईही त्यांच्या आयुष्यात आलेली नव्हती. पण पुणेरी दूरदृष्टी होती. पुढं चार घरं बदलली. दर वेळी ती खोकी दाजींनी स्वतः उचलली. ताईच्या काचेच्या बरण्या मात्र मजुरांनी उचलल्या आणि फोडल्या. हे ताईनं मला निदान सहा वेळा सांगितलंय.

२०१९ च्या उन्हाळ्यात मी त्यांच्याकडे गेलो, तेव्हा भाचीला कॉलेजात प्रवेश मिळाला होता. फी ऐकून मी हातातला पाण्याचा ग्लास खाली ठेवला. "काळजी नाही," दाजी म्हणाले आणि तळघरात गेले. ताई काही बोलली नाही. अठ्ठावीस वर्षांचा भरवसा खोक्यात भरून बाहेर निघतो, तेव्हा बायकोनं बोलायचं नसतं, हे तिला ठाऊक होतं.

आम्ही निघालो. दाजी, मी, अकरा वर्षांचा भाचा आणि वीस हजार खेळाडू. दुकानाच्या काचेवर 'दुकान बंद करीत आहोत' अशी पाटी होती. काउंटरमागं सत्तरीतले एक आजोबा होते. दाजींनी खोकी मांडली आणि साखरपुड्याला बसावं तसे बसले.

म्हाताऱ्यानं झाकण उघडलं, वरची दोन कार्डं पाहिली आणि साल ओळखलं. पाच सेकंदांत नकार देता आला असता. पण तो गृहस्थ खुर्ची ओढून बसला आणि तासभर खोकी चाळत राहिला. एखादा खेळाडू दिसला की भाच्याला सांगायचा, हा पोरगा डावखुरा, याचा खांदा गेला, हा फार लवकर संपला. भाचा ऐकत होता. दाजी त्याच्या बोटांकडे बघत होते. आमच्याकडे सोनं गहाण टाकायला आलेली माणसं सोनाराच्या बोटांकडे असंच बघतात.

शेवटी त्यानं झाकणं लावली. "साहेब, याला गिऱ्हाईक नाही. मीही नाही."

"खोक्याला पन्नास डॉलर तरी?" दाजी.

तो उठला आणि मागच्या खोलीचं दार उघडलं. आत जमिनीपासून छतापर्यंत तीच खोकी होती. १९८८, ८९, ९०, ९१. "माझ्या दोन मुलांची कॉलेजं यांच्यावर व्हायची होती," तो म्हणाला. "मी लोकांना विकली, तेव्हा माझाही विश्वास होता. आता तुम्हीच सांगा, ही कुणाला विकू?"

दाजी हसले. अठ्ठावीस वर्षांचा हिशेब एका मिनिटात चुकता झाल्यावर माणूस रडत नाही, हे मी तेव्हा पाहिलं. समोरच्या माणसाचं खोकं आपल्यापेक्षा मोठं असलं, की तेवढा आधार पुरतो. मी सवयीनं मनातल्या मनात चक्रवाढ व्याज लावून पाहिलं. साडेसहाशे डॉलर दरसाल पाच टक्क्यांनी अठ्ठावीस वर्षं ठेवले असते, तर अडीच हजाराच्या वर गेले असते. पण मी बोललो नाही. पाहुण्याचा धर्म कॉमर्सहून मोठा असतो.

मग म्हाताऱ्यानं दुकानाची कहाणी सांगितली. १९९४ च्या ऑगस्टमध्ये खेळाडू संपावर गेले, वर्ल्ड सीरिजच रद्द झाली. पोरं रुसली ती परतलीच नाहीत. १९९५ मध्ये ईबे आलं आणि दुर्मीळ म्हणून काचेखाली ठेवलेलं कार्ड एकाच वेळी शंभर घरांतून विक्रीला निघालं. कार्डांना एक ते दहा मार्क देऊन प्लास्टिकमध्ये बंद करणाऱ्या कंपन्या निघाल्या, तेव्हा दुकानदाराच्या नजरेचंही काम उरलं नाही. लोक यायचे, कार्ड हातात घ्यायचे, फोनमध्ये भाव बघायचे आणि घरी जाऊन फोनवरून दुसरीकडून मागवायचे. जागेचं भाडं मात्र फोनवरून कुणी भरत नव्हतं.

सप्टेंबरात दुकान बंद झालं, आणि नशीब बघा! २०२० मध्ये कोरोनानं लोक घरात बसले, त्यांनी जुनी खोकी उघडली आणि कार्डांचा बाजार पुन्हा पेटला. मार्क देणाऱ्या पीएसए या कंपनीकडे इतकी कार्डं येऊन साचली, की मार्च २०२१ मध्ये तिला बहुतेक काम काही काळ थांबवावं लागलं. मार्चअखेरीचा हा ताण जगात फक्त बँकेलाच असतो, हा माझा भ्रम दूर झाला. मे महिन्यात विस्कॉन्सिनमध्ये टार्गेटच्या दुकानाबाहेर कार्डांवरून मारामारी झाली, आणि त्या कंपनीनं दुकानांतली कार्डविक्री काही काळ बंद केली. टॉप्सचा कार्डांचा धंदा जानेवारी २०२२ मध्ये फॅनॅटिक्स कंपनीनं घेतला. नवी दुकानंही निघाली आहेत, झगझगीत, सराफी पेढीसारखी. पण तिथं डॉलर घेऊन तासभर उभं राहायला पोराची छाती होत नाही. दाजींच्या खोक्यांना मात्र या तेजीतही कुणी विचारलं नाही. महाग झालं ते दुर्मीळ, आणि १९९१ साल हे दुर्मीळ नव्हतं, एवढाच त्याचा गुन्हा.

भाचीची फी शेवटी शैक्षणिक कर्जानं भागली. म्हणजे बँकच उपयोगी पडली, हे मी तिथं दोनदा बोलून दाखवलं.

मला वाईट वाटलं ते त्या काउंटरचं. बावीस वर्षं मीही काउंटरमागं बसतोय. आमच्याकडे पासबुक छापायचं यंत्र दाराबाहेर आहे, तरी एक निवृत्त गुरुजी दर महिन्याला पासबुक माझ्यापुढं सरकवतात. त्यांना छापलेलं पासबुक नको असतं. "ही ठेव मोडू का हो?" एवढंच विचारायचं असतं, आणि मी "नका मोडू" म्हणालो की ते उठतात. फोन भाव सांगतो, यंत्र शिल्लक सांगतं. पण तासभर तुमचं खोकं चाळून, तुमचा मान राखून 'याला काही किंमत नाही' म्हणायला समोर माणूस लागतो. त्या म्हाताऱ्यानं आमच्याकडून एक सेंट घेतला नाही. असं काम करणारं दुकान बंद पडणारच, हे मला कॉमर्समुळे कळतं. ते बंद पडू नये असं वाटतं, ते कशामुळे कोण जाणे.

निघताना त्यानं भाच्याला जवळ बोलावलं. "सायकल आहे ना? मग आईकडून कपड्यांचा चिमटा माग. आम्ही काय करायचो सांगतो."

त्या संध्याकाळी भाच्यानं खोक्यातलं एक कार्ड काढलं. दाजींचा हात सवयीनं पुढं झाला. अठ्ठावीस वर्षांत त्या कार्डांना कुणाचं बोट लागू दिलं नव्हतं. हात जरा थांबला, मग त्यांनीच खाली बसून चिमटा तारांजवळ नीट बसवून दिला. सायकल टर्रर्र करत गल्लीच्या टोकापर्यंत गेली आणि वळून आली. कार्डाचा पार चोथा झाला होता.

"गेलं एक," दाजी म्हणाले.

"दाजी," मी म्हटलं, "पुरवठा एकानं कमी झाला. उरलेल्या एकोणीस हजार नऊशे नव्याण्णवांचा भाव आता वाढणार!"

ताई दारात उभी होती. तिनं न बोलता चिमट्यांची सगळी टोपलीच आणून दिली.