ताप, बुखार आणि तापमापी

शाळेत आम्ही उर्दू आणि मराठी शिकवतो. विज्ञानाशी आमचा संबंध बदली तासापुरता. अशाच एका तासाला सातवीतल्या एका मुलाने हिंदी पुस्तकातला ‘तापमापी’ हा शब्द दाखवून विचारले, “सर, पाण्याला पण ताप येतो का?”

वर्ग हसला, पण प्रश्न खोटा नव्हता. मराठीत ताप म्हटला की माणूस अंथरुणावर दिसतो. हिंदीत ताप म्हणजे नुसती उष्णता. आजाऱ्याला तिथे बुखार येतो. त्यामुळे हिंदीतला तापमापी उकळत्या पाण्यातही चालतो, आणि अंगाचा ताप मोजणाऱ्या नळीला त्यांची पुस्तके ‘डॉक्टरी थर्मामीटर’ असे वेगळे नाव देतात. उर्दूत ‘मिक्यासुल हरारत’ असा भारदस्त शब्द आहे, पण तो आम्ही कुणाच्या घरात ऐकलेला नाही. घराघरात आपला थर्मामीटरच. आणि बुखार हा शब्द मूळचा अरबी, त्याचा अर्थ वाफ. हे सांगितल्यावर तोच मुलगा म्हणाला, “म्हणजे पाण्याला बुखार येतो!” यावर आम्ही काय बोलणार?

फळ्यावर दोन नळ्या काढल्या. प्रयोगशाळेतली, जी शंभराच्या पुढे जाते. आणि डॉक्टरांची, जिच्यावर 35 ते 42 अंश सेल्सियस एवढेच आकडे असतात, कारण जिवंत माणसाचे अंग बहुधा त्याच्या बाहेर जात नाही. तिच्या फुग्याजवळ नळीला एक बारीक अटकाव असतो, म्हणून तोंडातून काढली तरी पारा खाली येत नाही आणि झटकावा लागतो. निरोगी अंगाचे तापमान 37 अंश, फॅरनहाइटमध्ये 98.6, हेही लिहिले. मुलांनी वहीत उतरवून घेतले. तो 98.6 लिहिताना आमचा हात मात्र थोडा अडखळला.

दोन वर्षांपूर्वीचा रमजान मार्चमध्ये होता. सोलापूरचा मार्च म्हणजे दुपारी भिंतसुद्धा तापलेली. तेराव्या रोजाला अम्मी असरनंतर आडव्या झाल्या त्या मगरिबपर्यंत उठल्या नाहीत. वय 74. बेगमने कपाळाला हात लावला आणि म्हणाली, “अंग गरम लागतंय.” आम्ही म्हणालो, या उन्हात कुणाचे थंड लागेल?

तरी थर्मामीटर काढला. अब्बांचा पाऱ्याचा जुना थर्मामीटर आधीच फुटला होता. (फरशीवर धावणारे ते चंदेरी मणी मुलांना खेळायला हवे होते. पाऱ्याला हात लावू नये, झाडूने लोटू नये. खिडक्या उघडून कागदावर गोळा करावा, हे आम्हाला तेव्हा शेजारच्या कंपाउंडरने सांगितले.) आता घरात बॅटरीवर चालणारा होता. जिभेखाली ठेवू लागलो तर अम्मींनी तोंड फिरवले. “मुंह में नको रे बेटा, रोजा है मेरा.” वाद नको म्हणून काखेत लावला. आला 99.2. आम्ही सर्वांना दाखवला आणि जाहीर केले, ताप नाही, थकवा आहे.

इफ्तारनंतर बेगमने पुन्हा, या वेळी जिभेखाली लावला. 101 दिसला. आम्ही हसलो. आताच गरम चहा घेतला, तोंड तापलेले असणारच! यात आमचे चुकले नव्हते. गरम किंवा थंड काही घेतल्यावर पंधरा-वीस मिनिटे थांबावे लागते. चुकले ते पुढे. पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा लावायचा असतो, तो आम्ही लावला नाही. तरावीहची वेळ झाली होती.

दुसऱ्या दिवशी अम्मी सहरीला दोन घास खाऊन झोपल्या. दुपारी त्यांनी धाकटीला आमच्या बहिणीच्या नावाने हाक मारली. बेगम म्हणाली, “अम्मींचं बोलणं नेहमीचं नाही.” आम्ही पुन्हा काखेत लावून 99.4 दाखवला. आकडा आमच्या बाजूने होता ना!

पंधराव्या रोजाला सकाळी त्यांचा श्वास वरवर चालू लागला तेव्हा रिक्षा बोलावली. इस्पितळात फोटो काढला, उजव्या फुफ्फुसात न्यूमोनिया. आम्ही डॉक्टर मॅडमना सांगितले, पण ताप तर नव्हता, 99 च्या आसपासच होता. त्यांनी एवढेच विचारले, “एरवी यांचं किती असतं?”

आम्हाला ठाऊक नव्हते. कुणालाच ठाऊक नव्हते. बरे असताना अम्मींना थर्मामीटर कोण लावणार?

मग त्यांनी समजावले. काखेतला आकडा तोंडातल्यापेक्षा अर्धा-एक अंश फॅरनहाइट कमी येतो. म्हाताऱ्या माणसाचे अंग मुळातच थोडे थंड असते, आणि आजार मोठा असला तरी ताप चढतोच असे नाही. अशा वेळी भूक जाणे, गुंगी, बोलण्यात गोंधळ, हीच खूण. म्हणजे बेगम जे दोन दिवस सांगत होती तेच. ती बाकावर बसून तस्बीह फिरवत होती. आमच्याकडे तिने पाहिले नाही, आणि ते बरेच झाले.

अम्मी आठ दिवस तिथे होत्या. शुद्धीवर येताच पहिली काळजी रोज्यांची. आजाऱ्याने राहिलेले रोजे पुढे इतर दिवसांत पूर्ण करावेत ही सवलत सूरह बकरामध्ये स्पष्ट आहे, हे त्यांनीच आम्हाला लहानपणी शिकवलेले. आता आम्ही त्यांना ऐकवले. ऐकून घेतले, पण रडल्या.

घरी आल्यावर धाकटीने कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवला. सर्वांचे बरे असतानाचे तापमान, सकाळचे आणि संध्याकाळचे, कारण संध्याकाळी ते थोडे वाढते. अम्मींचे काखेतले सकाळी 96.8 भरले. म्हणजे ज्या 99.4 वर आम्ही निश्चिंत होतो, तो त्यांच्यासाठी अडीच अंशांहून जास्त चढलेला ताप होता. बेगमने तो आकडा वाचला, आणि दार बंद केले.

राहिलेले सोळा रोजे अम्मींनी डिसेंबरात, दिवस लहान असताना धरले. पहिल्या सहरीला वजू करून आल्या, काख मोकळी केली आणि धाकटीला म्हणाल्या, “पहले लिख ले, फिर तेरा बाप पूछेगा.”