थुवालच्या उन्हात नवी गाडी

थुवालमध्ये गाडी पळते कमी आणि उभी जास्त राहते. आमच्या विद्यापीठाच्या आवारात शाळा, दुकान, दवाखाना सगळं हाताशी आहे. लॅबला जायला बस आहे, नाहीतर सायकल. गाडी लागते ती शुक्रवार-शनिवारच्या सुट्टीला, ऐंशी किलोमीटरवरच्या जेद्दाला जाण्यासाठी. म्हणजे पाच दिवस उन्हात तापत उभं राहायचं आणि उरलेल्या दोन दिवसांत कधीतरी सपाट वाळूतून, ट्रकांच्या मागे, ताशी एकशेवीसनं पळायचं. या गाडीला ‘पेंट प्रोटेक्शन’ घ्यावं का, यावर आमच्या घरात जवळजवळ महिनाभर काथ्याकूट चालला होता.

किंग अब्दुल्ला विद्यापीठ, म्हणजे इथल्या बोलण्यातलं ‘काउस्ट’, थुवाल या मासेमारीच्या गावाला लागून २००९ साली सुरू झालं. मी इथं समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या मेंब्रेनवर काम करते. पॉलिमरचे पातळ थर, त्यांची जाडी, ऊन-मिठानं त्यांचं काय होतं, हाच माझा रोजचा धंदा. त्यामुळे शोरूममधल्या पोरानं ‘नॅनो’ हा शब्द उच्चारला तेव्हा नवऱ्यानं लगेच माझ्याकडे पाहिलं.

तो सौदी पोरगा मोठा गोड होता. किंमत ठरली, विम्याचा कागद झाला, गहवा आणि खजूर झाले, आणि मग त्यानं बॉनेटच्या पत्र्याचा एक तुकडा टेबलावर ठेवला. अर्धा कोटिंग केलेला, अर्धा तसाच. बाटलीतलं पाणी ओतलं. एकीकडे पाणी पसरलं, दुसरीकडे त्याचे टपोरे थेंब होऊन घरंगळले. “नॅनो सिरॅमिक, दुक्तूरा. नाइन एच. पाच वर्षं गॅरंटी.” व्हॅटसकट ३,९०० रियाल, आपले नव्वदेक हजार रुपये. गाडीच्या किमतीत शंभर रियाल कमी करून घ्यायला तासभर हुज्जत घालणारा माझा नवरा आता मान डोलवत होता. हत्ती गेला, शेपूट राहिलं, असा त्याचा चेहरा. ही पॅकेजं नेमकी त्याच वेळी, सगळ्यात शेवटी का काढतात ते मला तेव्हा कळलं. मोठा आकडा पचलेला असतो, पुढचा लहानच वाटतो.

मी गॅरंटीचा कागद मागितला. पक्ष्यांची विष्ठा, पाण्याचे डाग, खडीचे टवके, चुकीची धुलाई, हे सगळं गॅरंटीबाहेर. शिवाय दरवर्षी त्यांच्याच केंद्रात पैसे भरून तपासणी. एक वर्ष चुकलं की गॅरंटी संपली. मी म्हटलं, मग आत उरलं काय? तो हसला आणि म्हणाला, “चमक!” उत्तर प्रामाणिक होतं. आम्ही विचार करून सांगतो म्हणून उठलो.

त्या ‘नाइन एच’बद्दल थोडं सांगायला हवं, कारण ते ऐकून माणसाला हिऱ्याबिऱ्याची आठवण होते. एलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या परीक्षांना बसलेल्यांना टूबी, फोरबी, सिक्सबी या पेन्सिली माहीत असतात. त्याच मोजपट्टीचं दुसरं टोक म्हणजे नाइन एच, सगळ्यात कठीण शिशाची पेन्सिल. रंगाच्या चाचणीत ती पेन्सिल ४५ अंशांत धरून थरावर दाबत ओढतात. ओरखडा उठला नाही तर थर नाइन एच. चाचणी खोटी नाही, पण ती पेन्सिलीपुरती आहे. आणि थुवालच्या हवेत पेन्सिली उडत नाहीत.

उडतो तो क्वार्ट्झ. समुद्रापलीकडे सुदानमध्ये तोकर नावाचा त्रिभुज प्रदेश आहे; उन्हाळ्यात तिथल्या डोंगरखिंडीतून सुटणारा वारा धुळीचे लोट लाल समुद्रावर आणून सोडतो. अलीकडच्या वाळवंटातून येते ती धूळ वेगळी. आमच्याच आवारात मांडलेल्या भांड्यांतून पडलेली धूळ गोळा करून तिचा अभ्यास झालेला आहे. तीत क्वार्ट्झ आहे, फेल्डस्पार आहे, जिप्सम आणि मीठही आहे. खनिजांच्या काठिण्याच्या मोजपट्टीवर क्वार्ट्झ सातवर बसतो. काच साडेपाचच्या आसपास. गाडीच्या रंगावरचा पारदर्शक लाखेचा थर, ज्याला क्लिअर कोट म्हणतात, तो शेवटी एक प्लास्टिकच. जाडी चाळीस-पन्नास मायक्रॉन, म्हणजे केसापेक्षा कमी. सिरॅमिक कोटिंग त्याच्यावर आणखी एखाद-दोन मायक्रॉनची भर घालतं. एवढ्यानं क्वार्ट्झला काही फरक पडत नाही.

पण धूळ नुसती बसून काही करत नाही. करतो तो पुसणारा हात.

आम्हा मराठी घरांत गाडी पुसणं हा सकाळच्या संस्काराचा भाग आहे. चिपळूणला बाबा आंघोळीआधी फडकं घेऊन बाहेर पडत. तिथं पाऊस धूळ धुऊन नेई, फडकं फिरे ते बहुतेक ओल्यावर. इथं हवेत दमटपणा प्रचंड. धुळीनं माखलेल्या गाडीवर पहाटे दव पडतं, सात वाजता ते वाळतं आणि मागे राहतो मिठा-मातीचा घट्ट ठिपकेदार थर. लाल समुद्र महासागरांपेक्षा खारट आहे, लिटरला चाळीसेक ग्रॅम मीठ, आणि तेच वाऱ्यानं अंगावर येतं. असल्या थरावर कोरडं फडकं फिरवणं म्हणजे पॉलिशपेपर घासणं. आमच्या ओळीत तीन वर्षांची एक काळी गाडी आहे. संध्याकाळचं तिरपं ऊन तिच्या दारावर पडलं की कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक गोल ओरखडे दिसतात. मालकानं सिरॅमिक केलेलं होतं. तो ते अभिमानानं सांगतो, म्हणून मी ओरखड्यांबद्दल काही बोलले नाही.

ऊन हा वेगळा शत्रू. थुवाल साधारण नागपूरच्या अक्षांशावर, किंचित उत्तरेला आहे. पण नागपूरला जूननंतर ढग येतात, इथं वर्षाकाठी पडणारा पाऊस आपल्याकडच्या एका चांगल्या सरीत आटपावा एवढा. लॅबमधला इन्फ्रारेड तापमापक एका दुपारी घरी आणला. आमच्या पांढऱ्या बॉनेटवर ५३ अंश, त्या काळ्या गाडीच्या टपावर ७६. पांढरा रंग आम्ही घेतला तो शोभेसाठी नव्हे. या किनाऱ्यावर तो फुकट मिळणारा पहिला थर आहे. क्लिअर कोटमध्ये अतिनील किरणं शोषणारी रसायनं कारखान्यातच घातलेली असतात. ती वर्षानुवर्षं झिजतात, आणि संपली की टपावरची लाख पापुद्र्यासारखी सुटू लागते. जेद्दाच्या जुन्या टॅक्स्यांचे टप पाहावेत. एखाद-दोन मायक्रॉनच्या कोटिंगनं ही झीज थांबते यावर माझा विश्वास नाही. थोडी लांबते, इतकंच म्हणेन.

उन्हाचा जोर मला एका भलत्याच ठिकाणी दिसला. गाडी घरी आली तेव्हा आईनं व्हिडिओ कॉलवरून पूजा सांगितली. घराच्या मागच्या अंगाला, गाजावाजा न करता, चाकाखाली लिंबू ठेवलं, बॉनेटवर हळदीचं स्वस्तिक काढलं, नारळ मात्र स्वयंपाकघरात फोडला आणि त्याची चटणी केली. दुसऱ्या दिवशी हळद पुसली तर पांढऱ्या रंगावर पिवळी सावली राहिलेली. नवरा हवालदिल. शाम्पू झाला, ओला कपडा झाला, डाग ढिम्म. मी म्हटलं, राहू दे, उन्हात उभी कर. हळदीतलं कुरकुमिन प्रकाशात तुटतं. चार-पाच दिवसांत स्वस्तिक नाहीसं झालं. आईला आम्ही ते अजून सांगितलेलं नाही.

कावळे आणि साळुंक्या हा तिसरा उपद्रव, आणि ते दोन्ही आपल्याकडचेच. यांना इकामा, म्हणजे इथं राहण्याचा परवाना, कोणी दिला देव जाणे, पण जेद्दाच्या किनाऱ्यावर त्यांनी चांगला जम बसवला आहे. तापलेल्या लाखेवर विष्ठा पडली की ती तिथंच भाजते. थर प्रसरण पावलेला असतो, रात्री आकसतो आणि डागाचा आकार लाखेत कोरला जातो. कोटिंग असेल तर धुवायला काही तास जास्त मिळतात. तेवढे तास मात्र खरे, ते नाकारणार नाही. पण गाडी झाडाखाली न लावल्यानंही तेवढंच साधतं.

एवढ्यावर मी ‘काही नको’ म्हणून मोकळी झाले असते. नवरा म्हणाला, आणि हायवेचं काय? त्याचा मुद्दा बरोबर होता. तेव्हा एका शनिवारी जेद्दाच्या सनाइयात, गॅरेजांच्या वस्तीत, गेलो. तिथं मुलतानचा एक कारागीर पीपीएफ लावतो. हे कोटिंग नव्हे, ही फिल्म असते. पारदर्शक पॉलियुरेथेन, जाडी दीडशे ते दोनशे मायक्रॉन, म्हणजे मूळ रंगाच्या सगळ्या थरांच्या बेरजेहून जास्त. व्हिएतनाम युद्धात अमेरिकी हेलिकॉप्टरांची पाती वाळूनं झिजू नयेत म्हणून असल्या फिती वापरात आल्या. कुळी वाळूचीच.

कारागिरानं एका जुन्या बंपरवर फिल्मचा तुकडा चिकटवलेला होता. त्यावर तारेचा ब्रश खसाखसा घासला, किटलीतलं गरम पाणी ओतलं, आणि ओरखडे डोळ्यांदेखत भरून आले. पॉलिमरच्या साखळ्या उष्णतेनं सैल होऊन जागेवर येतात, मला ते पुस्तकातून माहीत होतं. तरीसुद्धा मी त्याला पुन्हा करून दाखवायला लावलं. “बाजी, पूरी गाडी करवा लो,” तो म्हणाला. पूर्ण गाडीचे सात हजार रियाल. मी विचारलं, तुझ्या स्वतःच्या गाडीला किती लावलीस? तो समोरच्या बाजूला हात दाखवून म्हणाला, बस इतनी. बंपर, बॉनेटचा पुढचा हात-दीड हात, आरशांच्या पाठी. खडी लागते ती तिथंच. दारांना आणि टपाला ती कोण मारणार?

साताऱ्याचे एक काका इथं आमच्या आधीपासून आहेत. त्यांनी शेवटचा हिशोब घातला, आणि तो मला सगळ्यांत पटला. इथं कोणी कायमचं नसतं. करार संपला की फायनल एक्झिट, आणि त्याआधी गाडी विकावी लागते. घेणारा खिशातून जाडी मोजायचं यंत्र काढतो आणि पत्र्यापत्र्याला लावत फिरतो. १००-१३० मायक्रॉन दाखवलं तर ‘बॉडी वकाला’, म्हणजे कंपनीचा मूळ रंग. २००-३०० दाखवलं तर रंग मारलेला, आणि भाव लगेच खाली. “चमक कोणी विचारत नाही गं,” काका म्हणाले, “पुन्हा रंग दिलाय का एवढंच विचारतात.” म्हणजे जपायचं काय, तर एखादा भाग पुन्हा रंगवायची पाळी येऊ नये. ती पाळी येते टवक्यांनी आणि घासण्यानं. बॉनेटवर फिल्म असेल तर यंत्र तिथंही जास्त आकडा दाखवतं, म्हणून कारागिराची पावती जपून ठेवा, हेही त्यांनीच सांगितलं.

बाबांना फोनवर हे सगळं सांगितलं. ते आधी म्हणाले, “कव्हर घाल की!” इथल्या वाऱ्यात कव्हर फडफडत धूळ घासत राहतं म्हटल्यावर गप्प झाले. मग म्हणाले, “रंग काय धुऊन प्यायचाय? दाराच्या खालची भोकं मोकळी ठेव.” त्यांच्या मारुतीची दारं चिपळूणच्या दमट हवेत आतून खालच्या कडेलाच कुजली होती. मी दुसऱ्या दिवशी वाकून पाहिलं. दाराच्या खालच्या कडेला पाणी निघून जायला ठेवलेल्या भोकांत तेवढ्यात धूळ बसू लागली होती. नव्या गाडीत पत्र्याला जस्ताचा मुलामा असतो, तरी आता महिन्यातून एकदा मी काडीनं ती मोकळी करते. यासाठी पॅकेज मिळत नाही.

शोरूमला नाही कळवलं. समोरच्या बाजूची फिल्म १,४०० रियालला करून घेतली. उरलेल्यातून काचांना नियमात बसेल अशी उष्णता अडवणारी फिल्म लावली. ती रंगासाठी नाही, आमच्यासाठी. सिरॅमिक कोणीच करू नये असं मी म्हणणार नाही. ज्याला आठवड्याला स्वतः हातानं गाडी धुवायची हौस आहे, त्याचं काम कोटिंगनं खरंच हलकं होतं, घाण चटकन सुटते. पण अशा माणसाच्या गाडीला त्याची गरज सगळ्यांत कमी असते, आणि ते विकत घेतो तो कधीच न धुणारा.

राहिला प्रश्न धुण्याचा. आमच्या ओळीतल्या गाड्या नोआखालीचा एक माणूस पहाटे पुसतो. एक बादली, एक फडकं, आणि त्याच पाण्यात आठ-दहा गाड्या. मी त्याला म्हटलं, आमच्या गाडीला कोरडं फडकं लावायचंच नाही. आधी नुसतं पाणी ओतायचं, मग शाम्पूची एक बादली, फडकं पिळायला दुसरी, आणि फडकं आमचं, वेगळं. आठवड्यातून एकदाच. तो म्हणाला, रोजचं काम आठवड्यावर आणता, मग पैसे कमी देणार का? मी म्हटलं, तेवढेच देईन. त्यानं जरा हिशोब केला, दोन बादल्यांचं पाणी लांबून आणावं लागतं म्हणाला आणि वर तीस रियाल जास्त मागितले. दिले.