कोप्पीकर रोडच्या पाठीमागे

हुबळीच्या कोप्पीकर रोडवर दिवे लागले, की आमच्या परसात संध्याकाळ व्हायची राहून जाते. पुढे कापडाची, बुटांची, चष्म्यांची दुकानं, दुर्गद बैल भागाकडून सरकत येणारी गर्दी, रिक्षांचे भोंगे. आणि या साऱ्याच्या पाठीशी, एका माणसाने अंग चोरून जावं एवढ्या बोळातून आत आलं, की मंगळुरी कौलांचं घर, शेवगा, दगडी डोण आणि खुराडं. एका दुकानाच्या पाटीचा निळसर उजेड भिंतीवरून उतरतो, शेवग्याच्या पानांतून चाळून येतो आणि खुराड्याच्या जाळीवर रात्री उशिरापर्यंत रेंगाळतो. कोंबड्या दांडीवर चढतात, उतरतात, माना तिरप्या करून त्या उजेडाकडे बघतात, पुन्हा चढतात. दिवस मावळला की नाही, याचा निवाडा त्यांना करता येत नाही.

कार्तिक मात्र लागलेला असतो.

हुबळीची थंडी काही कडाक्याची नव्हे. पहाटे पारा चौदा-पंधरा अंशांपर्यंत उतरतो, एवढंच. पण ती येते ती पूर्वेच्या कोरड्या वाऱ्यावर बसून, ज्वारीच्या काळ्या रानांवरून, ओठ उलवत, टाचा फोडत. आणि तिच्या आधी परतीचा पाऊस दोन-चार संध्याकाळी येऊन सगळं परस चिंब करून गेलेला असतो. त्या ओलीच्या आणि त्या वाऱ्याच्या मधे जे थोडे निवळ दिवस सापडतात, ते खुराड्याच्या डागडुजीचे.

याच दिवसांत कोंबड्या पिसं टाकतात. सकाळी केरसुणीपुढे तांबूस, करडी, काळी पिसं पळत सुटतात, वाऱ्याने डोणीत पडतात, शेवग्याच्या बुंध्याशी गोळा होतात. अंडी थांबतात. भरभरून अंडी द्यायला कोंबडीला चौदा तासांच्या आसपास उजेड लागतो, आणि आपल्या या पंधराव्या अक्षांशावर डिसेंबरातला दिवस जेमतेम सव्वाअकरा तासांचा. शिवाय पीस म्हणजे बहुतेक सगळं प्रथिनच. अंगभर नवा पेहराव शिवायला घेतला, की अंड्याला शिल्लक काही उरत नाही. नव्या पिसाची सळी उन्हात धरली तर निळसर दिसते. तिच्यात रक्त खेळत असतं. बोट लागलं तरी कोंबडी कळवळते, म्हणून या दिवसांत तिला उगाच उचलू नये. शेंगदाण्याची पेंड द्यावी, कारवारकडून बाजारात येणारी सुकट भरडून द्यावी, आणि दुरून बघत बसावं.

बघत बसणं, हेच तर मुख्य काम.

कारण कोंबडी आपलं दुखणं लपवते. कळपात जी लुळी दिसेल तिच्यावर बाकीच्या चोच टाकतात, हे तिला जन्मतःच माहीत असतं. म्हणून आजारी कोंबडीही दाणे टाकल्यावर सगळ्यांबरोबर धावत येते, मान खाली घालते, चोच आपटते, आणि एक दाणाही उचलत नाही. आमच्या काजळीने असंच केलं. शेपूट किंचित खाली, डोळे अर्धे मिटलेले, मानेची पिसं फुललेली. रात्री सगळ्या दांडीवर गेल्या तेव्हा तिला अलगद उचललं. अंधारात कोंबडीला फारसं दिसत नाही, ती शांत राहते. पंखाखाली हात घातला तर चटका बसावा एवढी गरम. पण तो ताप नव्हता. धडधाकट कोंबडीचं अंगच एकशेसहा-सात फॅरनहाइट असतं. ज्या तापात आपल्याला वात व्हावा, त्या तापात ती आयुष्यभर सुखाने दाणे टिपते. छातीचं हाड हाताला धारदार लागलं. आणि सकाळी, रात्रभरात रिकामी व्हायला हवी ती गळ्याखालची पिशवी तशीच टम्म, कणकेच्या गोळ्यासारखी.

सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरांनी पिशवीला छोटा छेद दिला आणि चिमट्याने आतून काहीतरी ओढायला सुरुवात केली. ते संपेचना. लाल, पांढरा, जरीचा एखादा, बराचसा काळा. दोरा! कोप्पीकर रोडवरच्या कापड दुकानांतून, अल्टरेशनच्या मशिनींखालून उडालेला, केराबरोबर वाऱ्याने भिंत ओलांडून आलेला, गवताच्या काडीत गुंतलेला दोरा. तो तिने किडा समजून टिपला असणार. स्टीलच्या ताटलीत त्याचा ओला गुंता पडला होता. आमचं घराणं शिंप्यांचं. चार पिढ्या ज्या दोऱ्यावर पोट भरलं, तो दोरा कुणाच्या पोटात अडकून बसेल, असं कधी मनात आलं नव्हतं.

आत एक, वर एक, असे दोन थरांत टाके पडले. घरी आणल्यावर आत्याने चष्मा लावून ते पाहिले. ऐंशीच्या पुढची आहे ती, अजून मशीनवर बसते.

“टाके बरे घातलेत गं,” ती म्हणाली. “पण शेवटची गाठ मी वेगळी मारली असती.”

काजळीला स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात डालग्याखाली ठेवलं. कोमट पाण्यात गुळाचा खडा आणि मिठाची कणी, आणि मग पातळ कण्या. आत्या भात कालवून द्यायला निघाली तेव्हा मी थोडी कोंड्याची भर घातली. मला जावा बेटावरच्या बटाव्हियाची गोष्ट आठवत होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथल्या डच लष्करी इस्पितळात आइकमान नावाचा डॉक्टर बेरीबेरीचं कारण शोधत होता. जंतू सापडत नव्हता. प्रयोगशाळेतल्या कोंबड्या मात्र अचानक लडखडू लागल्या, पाय त्यांच्याखाली राहीनात. पुढे कळलं, की त्यांना इस्पितळाच्या मुदपाकखान्यातला उरलेला पांढराशुभ्र, सडीक तांदूळ घातला जात होता. नवा स्वयंपाकी आला. लष्कराचा तांदूळ कोंबड्यांना कशाला, म्हणाला. पुन्हा कोंड्यासकटचा साधा तांदूळ सुरू झाला आणि कोंबड्या उठून चालू लागल्या. आइकमानला 1929 साली नोबेल मिळालं. त्या कोंबड्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत.

डालग्याच्या विणीतून सकाळचं ऊन आत पडायचं, काजळीच्या पाठीवर बारीक चौकटी उमटायच्या आणि ती श्वास घेईल तशा त्या हलायच्या. मी चहा घेऊन तिथेच बसायची. बाहेर दुकानांची शटरं वर जायची, रस्ता जागा व्हायचा, आणि आत एवढासा जीव एकेक कणी चोचीत धरून विचार करायचा, गिळावी की नाही. किती दिवस ते मोजले नाहीत. एका सकाळी तिने पाण्याच्या वाटीत चोच बुडवली, मान वर केली, आणि माझ्याकडे पाहून चांगलीच रागावली.

वाचली.

तिच्या आधीची मात्र नव्हती वाचली. तिला मानमोडी झाली होती. मान उलटी पिळवटून आभाळाकडे बघत बसायची, हिरवट पाण्यासारखी हगवण, उघड्या चोचीचा श्वास. हा राणीखेत रोग. 1926 साली जावात आणि इंग्लंडातल्या न्यूकॅसलमध्ये तो ओळखला गेला, आणि लगेच पुढच्या वर्षी आपल्याकडे कुमाऊँतल्या राणीखेतला. देवदारांचं, हिमशिखरांच्या दर्शनाचं ते गाव, आणि खेडोपाडीच्या बायका त्याचं नाव घेतात ते असं. त्याच डोंगरांतल्या मुक्तेश्वरच्या प्रयोगशाळेने 1940 च्या दशकात त्यावर लस दिली. एकदा रोग आल्यावर उपाय नाही. येण्याआधीच काय ते करायचं. आणि एकाच वेळी अनेक कोंबड्या पटापट मरू लागल्या, तर हातही न लावता दवाखान्याला कळवायचं. 2006 च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापुरात देशातला पहिला बर्ड फ्लू निघाला, तेव्हा लाखो पक्षी मारून पुरावे लागले होते. वर्तमानपत्रातले पांढऱ्या झग्यांतल्या माणसांचे फोटो मला अजून आठवतात. पण ज्या घरांतली खुराडी त्या दिवशी रिकामी झाली, त्या घरांत दुसऱ्या पहाटे कशी शांतता असेल, ते फोटोत नव्हतं.

खुराड्याकडे वळते.

थंडी आली की पहिला मोह होतो तो भोकं बुजवण्याचा. शेजारच्या कन्नड मावशी तळमळीने सांगतात, पत्रा ठोका, प्लास्टिक बांधा, बल्ब लावा. पण कोंबडी आपली शेगडी आपल्याबरोबर घेऊन हिंडते. पिसं फुलवून ती हवेचा एक थर अंगाशी धरते, दांडीवर पावलांवर बसते, चोच पंखात खुपसते, आणि शेजारणीला बिलगते. तिला मारते ती ओल. श्वासाची, विष्ठेची, दमट भुशाची. बर्फात कोंबड्या पाळणारे कॅनडातले लोकही हेच सांगतात. सूर्य उगवायच्या आत जाऊन छताच्या पत्र्याला आतून बोट लावून पाहावं. थेंब असतील, किंवा खाली वाकल्यावर डोळ्यांत झोंबलं, तर खुराडं फार बंद झालं असं समजावं. वारा अंगावर नको, डोक्यावरून जायला हवा. म्हणून आम्ही खालच्या फटी मातीने लिंपतो आणि वरची जाळी उघडीच ठेवतो. जुना भुसा काढून साळीचा तूस वीतभर पसरतो, भिंतींना चुना देतो, आणि कोपऱ्यात चुलीतली राख ओततो. दुपारी त्या राखेत एकेक जण पंख पसरून लोळते, उवा झाडते, आणि डोळे मिटून अशी पडते, की पाहणाऱ्यालाही आळस यावा.

राहिला तो निळा उजेड. त्याच्या बाजूला बसणारी कोंबडी मार्गशीर्षातही अंडं देते, हे आत्याचं निरीक्षण, आणि ते खरंच असणार. पोल्ट्रीवाले बल्ब लावून हेच करतात. मला वाटायचं, फुकटचं अंडं आहे, मिळतंय तर मिळू दे. आत्याने काही न बोलता दोन गोणपाटं उसवली, मशीनवर जोडली, कडेला दुमड घातली, आणि जाळीच्या त्या अंगाला, छताखालची हात-दीड हात जागा हवेला मोकळी सोडून, पडदा लावला.

“रात्र तिची तिला द्यावी,” एवढंच म्हणाली.

आता एक कामाची गोष्ट. राणीखेतची लस शंभर-दोनशे पक्ष्यांच्या कुपीतच मिळते, आणि एकदा विरघळवली की दोनेक तासांत संपवावी लागते. घरात पाच-सात गावरान आणि एखादी गिरिराजा जातीची कोंबडी पाळणाऱ्याला ती परवडत नाही, म्हणून तो घेतच नाही. आम्ही बोळातल्या चार घरांनी मिळून एक कुपी आणायला सुरुवात केली आहे. बर्फाच्या थर्मासमधून ती एकाच संध्याकाळी दारोदार फिरते. तुमच्या गल्लीत परसात कोंबड्या असतील, तर दवाखान्यात विचारा, शेजाऱ्यांना गाठा, आणि थंडी पडायच्या आत, धडधाकट कोंबड्यांनाच, ती टोचून घ्या.